पाऊण शेर शिसे

बंदुकीची नळी किती लांब असावी, या एका प्रश्नावर आमच्या धारच्या घरात अख्खा चैत्र गेला. तुमच्यापैकी थोरल्याने मागच्या पत्रात विचारले होते, "आजी, फोटोत तुझ्या वडिलांच्या हातातली बंदूक इतकी आखूड का? जुन्या फोटोंतल्या शिकाऱ्यांच्या बंदुका तर चांगल्या लांब असतात." प्रश्न बरोबर आहे. त्याचे उत्तर पत्राच्या चार ओळींत मावत नाही, म्हणून वेगळे लिहून काढते आहे. कुणाला मराठी वाचायला अवघड गेले तर आईकडून वाचून घ्या, पण तिला मधले काही गाळू देऊ नका. गाळून वाचण्याचा या गोष्टीशी संबंध आहे.

माझे वडील, म्हणजे आबा, धार दरबारच्या शिकारखान्यावर अधिकारी होते. पाहुण्यांच्या शिकारी ठरवणे, मचाण बांधून घेणे, हाक्याला माणसे गोळा करणे, अमझेऱ्यापासून खाली डहीपर्यंत कुठे बिबट्या शेळ्या नेऊ लागला तर जाऊन बंदोबस्त करणे, हे त्यांचे काम. पाहुण्याचा नेम चुकला तर त्याच्या मागे भरलेली बंदूक घेऊन उभा असणारा माणूस तेच. त्यांना मोडी उत्तम येत असे, हिंदी येत असे, माळवी तर ते माळव्यातल्या माणसासारखी बोलत. इंग्रजी मात्र येत नसे. घरात मुलगा नव्हता आणि आपली पत्रे परक्याकडून वाचून घेणे त्यांना रुचत नसे. म्हणून त्यांनी मिशनच्या एका बाईंकडून मला इंग्रजी शिकवले. मी घरातली थोरली, सगळे मला अक्का म्हणत. दहाव्या वर्षापासून आबांची इंग्रजी पत्रे मी वाचू लागले आणि उत्तरेही मीच लिहू लागले.

सुरुवातीलाच मी एक चूक केली होती. कुणा साहेबाचे पत्र आले होते आणि त्यात मचाणाच्या व्यवस्थेबद्दल एक लागट वाक्य होते. मी ते जरा मऊ करून सांगितले. आबांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले, पत्र हातात घेतले आणि न कळणाऱ्या त्या अक्षरांवरून बोट फिरवत म्हणाले, "अक्का, यात असेल तेच वाच. तू गोड करून वाचलंस, तर मी आंधळाच राहिलो की." त्यानंतर मी कधी गोड करून वाचले नाही.

आता बंदुकीकडे येते. आबांची जुनी बंदूक साडेचारशेची होती. म्हणजे इंचाचे हजार भाग केले तर त्यातले साडेचारशे भाग इतके तिच्या नळीचे तोंड रुंद. त्या मापाच्या बंदुकांवर आणि काडतुसांवर इंग्रज सरकारने बंदी घातली. घरात उरलेली काडतुसे एका डब्यात मावत होती. त्यात त्याच हिवाळ्यात, पौषात, अमझेऱ्याजवळ जखमी बिबट्याने आबांचा डावा हात कोपराखाली फाडला. जखम भरली, पण हात पूर्वीचा राहिला नाही. तांब्या उचलताना पाणी हिंदकळे. आबा मग तांब्या उजव्या हाताने उचलू लागले.

दिवाणसाहेब चांगले गृहस्थ होते. त्यांनी आबांना बोलावून सांगितले, की येता हिवाळा येईपर्यंत जागा तुमचीच. दरबारातर्फे नवी बंदूक मागवा, तुम्हाला हवी तशी घडवून घ्या. मार्गशीर्षातल्या पहिल्या शिकारीला ती घेऊन उभे राहा. नाही जमले तर दफ्तरखान्यात खुर्ची आहे, मानाची आहे. आबांनी घरी येऊन हे आईला सांगितले तेव्हा "मानाची" हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला. आईला खरे तर ती खुर्ची हवी होती, हे मला नंतर कळले. आबांना दफ्तरखाना म्हणजे जिवंतपणी कपाटात बसणे वाटत होते.

विलायतेच्या बंदूकवाल्यांचे मुंबईत एक एजंट होते. त्यांच्याकडून जाडजूड यादी आली आणि तिच्यात घडी घातलेला एक फॉर्म. तो फॉर्म पाहून मला जो आनंद झाला तो तुम्हाला सांगून कळणार नाही. एका वस्तूबद्दल इतके प्रश्न विचारता येतात हे मला ठाऊक नव्हते. नळीचे माप काय, लांबी किती, जाडी कोणती, वजन एकूण किती, आतल्या चरांचा पीळ किती इंचाला एक, नेम धरायची माशी कसली, पट्ट्याची कडी कुठे, कोणत्या जनावरासाठी, आणि तुमच्या मुलखात ऊन किती पडते.

उन्हाचा प्रश्न मला सर्वांत नवलाचा वाटला. यादीत खाली बारीक अक्षरात कारण दिले होते. काडतुसातली दारू तापली की जास्त जोराने फुटते, म्हणून उष्ण मुलखासाठी ती बेताने भरावी लागते. मी दवाखान्यातून भिंतीवरचे तापमापक मागून आणले आणि आठ दिवस भर दुपारी ओट्यावर सावलीत टांगून आकडे लिहून ठेवले. आई म्हणाली, "ऊन आहे हे सांगायला काच कशाला लागते?" पण विलायतेच्या माणसाला आमचे ऊन कसे कळणार? त्याला आकडाच हवा.

मापाचा प्रश्न लवकर सुटला. थोरली मापे जड, धाकट्या मापांनी जखमी जनावर अंगावर आले तर थांबत नाही. आबांनी मधले माप पसंत केले, तीनशे पंचाहत्तरचे. त्या मापात सांबरही पडते आणि बिबट्याही थांबतो, असे ते म्हणाले. मी पहिल्या रेघेवर ३७५ लिहिले.

मग पीळ. बंदुकीची नळी बाहेरून सरळ दिसते, पण आतून सरळ नसते, हे तुम्हाला ठाऊक आहे का? मला तोवर नव्हते. नळीच्या आत बारीक चर कोरलेले असतात आणि ते घाटाच्या वाटेसारखे वळत वळत पुढे जातात. गोळी त्यांतून जाताना स्वतःभोवती फिरू लागते. आबांनी मला जुन्या बंदुकीवर ते दाखवले. साफ करायच्या लाकडी गजाला चिंधी घट्ट गुंडाळली, तेल लावले, गजाच्या वरच्या टोकाला मी लाल दोरा बांधला आणि आबांनी गज हळूहळू आत ढकलला. गज आपोआप फिरू लागला! दोरा माझ्याकडून भिंतीकडे गेला, भिंतीकडून आबांकडे, आणि परत माझ्याकडे आला तेव्हा मी गजावर खूण केली. वीस इंचांहून थोडे अधिक. म्हणजे तेवढ्या अंतरात एक फेरा. मी तो गज त्या दिवशी इतक्या वेळा आत-बाहेर करवला, की शेवटी आबाच कंटाळले.

नव्या बंदुकीसाठी यादीत पीळ अधिक घट्ट होता, बारा इंचांत एक फेरा किंवा चौदा इंचांत. एजंटाने लिहिले होते की लांब, जड गोळी वापरणार असाल तर घट्ट पीळ घ्या. का, ते लिहिले नव्हते. मी दोन दिवस डोके खाजवले आणि मग अंगणातल्या भोवऱ्यांनी मला शिकवले. बुटका भोवरा थोड्या वेगातही उभा राहतो, उंच भोवरा सावकाश फिरवला तर लगेच लोळण घेतो. लांब गोळी म्हणजे उंच भोवरा. आबांना हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ हसले आणि म्हणाले, "लिही बारा."

राहिली लांबी, जाडी आणि वजन. तिथे गाडी अडली.

यादीप्रमाणे दोन तऱ्हा होत्या. एक जाड, लांब नळी, सव्वीस इंच, बंदुकीचे एकूण वजन साडेनऊ पौंड. दुसरी सडपातळ आणि आखूड, बावीस ते चोवीस इंच, वजन आठ पौंडांच्या आसपास, लांबीप्रमाणे थोडे कमीजास्त. जाड नळीची बंदूक हलत नाही, बार झाल्यावर धक्का कमी देते, आवाजही कानापासून दूर फुटतो. सडपातळ नळी झाडीत अडकत नाही, चटकन वर येते, पण धक्का देते आणि भुंकते. मी आईचे मुसळ घेऊन पाहिले. मध्ये धरले तर किती वेळ धरता येते, आणि एका टोकाला धरले की लगेच कसे खाली जाते. वजन किती हे जितके महत्त्वाचे, तितकेच ते हातापासून किती पुढे आहे हेही महत्त्वाचे, हे मला मुसळाने समजावले. आबांचे मन मात्र जाड नळीवर होते. पाहुण्याच्या मागे उभे राहायचे तर बंदूक कशी खांबासारखी हवी, असे ते म्हणत. आणि एकदा, माझ्याकडे न पाहता, म्हणाले, "हलकी बंदूक घेऊन उभा राहिलो की बघणाऱ्याला कळतंच, का घेतली ते."

बंदूक विलायतेहून यायला सात-आठ महिने. चुकली तर बदलायला वेळ नाही. म्हणून आबांनी ठरवले, की आधी लाकडाची करून हातात घेऊन पाहायची. असले काम करणारा मिस्त्री देवासला होता. बंदुकांचे लाकडी दस्ते करण्यात त्याचा हात धरणारे त्या बाजूला कुणी नव्हते. आणि देवासला माझे आजोळ, मामा तिथे धाकट्या पातीच्या दरबारात नोकरीला होते.

देवास तेव्हा एकच गाव आणि दोन राज्ये होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. मिस्त्री थोरल्या पातीचा चाकर. मामांच्या घरी येऊन काम करायचे म्हणजे तो रस्ता ओलांडून परराज्यात आला! मामा म्हणत, आमच्याकडे जावई रुसला तर समोरच्या ओट्यावर जाऊन बसतो आणि परदेशी जातो. आम्ही महूपर्यंत टांग्याने, मग इंदूरपर्यंत आगगाडीने आणि पुन्हा टांग्याने देवासला पोचलो. टेकडीवरच्या देवीला नमस्कार करून आलो आणि दुसऱ्या दिवशी मिस्त्री मामांच्या चौकात येऊन बसला. साठीचा, बारीक अंगाचा, कानावर पेन्सिल. मी त्याला पौंडांचे शेर करून दिले. साडेनऊ पौंड म्हणजे चार शेर दहा छटाक, ऐंशी तोळ्यांच्या शेराने. त्याने सागाची नळी कातली, पुढून पोकळ कोरली आणि आत शिशाच्या कांड्या बसवून तोंडाला खुंटी मारली.

चौथ्या दिवशी ती बंदूक आबांच्या हातात आली. चौकात मामा पानाचे तबक घेऊन बसले होते. आबांनी बंदूक खांद्याला लावली आणि मामांनी मोठ्याने मोजायला सुरुवात केली. साठपर्यंत धरायची असे ठरले होते. पंधरापर्यंत ठीक होते. विसाला नळीचे टोक थरथरू लागले आणि मग हळूहळू खाली जाऊ लागले.

"दाजी," मामा म्हणाले, "बंदूक धरलीत की सत्यनारायणाचा कलश? नळी बघा, जमिनीला नमस्कार करतेय."

आबा हसले. पण त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मामा मनाचे वाईट नव्हते, मेहुण्याने दाजींची थट्टा करायचीच असते. त्यांना हाताचे इतके ठाऊकही नव्हते, आबांनी जखम बरी झाल्याचे लिहून कळवले होते. मी मिस्त्रीकडे पाहिले. तो आबांच्या डाव्या मनगटाकडे पाहत होता. तो उठला आणि दोन्ही हात पुढे करून त्याने बंदूक परत घेतली.

"हुजूर, तोल बराबर नी बैठ्यो. म्हारी गलती. काल लाऊँ."

म्हणाल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी तो बंदूक घेऊन आला. वजन तेवढेच आहे, शिसे फक्त मागे सरकवले आहे, असे म्हणाला. आबांनी ती खांद्याला लावली. मामा मोजत होते, साठ झाले, सत्तर झाले, नळी हलली नाही. मामांनी ऐंशीला मोजणे सोडून पान तोंडात घातले. आबांनी बंदूक खाली केली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, जो मी पौषापासून पाहिला नव्हता. मी माझ्या वहीत लिहिले, शिसे मागे सरकवल्याने फार फरक पडतो. मुसळाचा धडा खरा ठरला म्हणून मलाही बरे वाटले.

परत येताना महूच्या स्टेशनवर एका शिपायाने आम्हाला अडवले. कापडातून दस्ता दिसत होता, आणि तो परवाना मागू लागला. आबांनी कापड सोडून दाखवले. तो पूर्वी पलटणीत असावा, कारण त्याने ती सराईतपणे उचलून खांद्याला लावली.

"लकडी की है? तभी. असली होती तो इससे भारी होती, भिया."

आबा हसून म्हणाले, लाकडाची बंदूक लाकडासारखी लागणारच. आम्ही टांग्यात बसलो. धारपर्यंतच्या वाटेवर मला ते वाक्य सोडेना. लाकडाचे असो की लोखंडाचे, चार शेर दहा छटाक म्हणजे चार शेर दहा छटाक. पलटणीतली बंदूक नऊ पौंडांच्या आतबाहेर असते, हे यादीतच लिहिले होते. मग त्या माणसाच्या हाताला ही हलकी का लागली?

घरी आल्यावर आठ दिवस आबा रोज सकाळी अंगणात ती लाकडी बंदूक धरून उभे राहत. हात सुधारला, असे ते उघड म्हणू लागले. जेवताना विनोद करू लागले. एका सकाळी त्यांनी मला सांगितले, की फॉर्म पुरा कर. सव्वीस इंच, जाड नळी, साडेनऊ पौंड. उद्याच्या डाकेने जाऊ दे. आणि ते कचेरीत गेले.

वजनाच्या रेघेवर आकडा लिहिण्याआधी मी ताळा करावा म्हणून बंदूक कोठीघरात नेली. ज्वारीच्या तराजूच्या एका पारड्याखाली ती दोरीने आडवी टांगली. दुसऱ्या पारड्यात चार शेर दहा छटाक ठेवले, आणि पारडे धाडकन खाली गेले. मी वजने काढत गेले. काटा सरळ झाला तेव्हा पारड्यात तीन शेर चौदा छटाक होते. दोरी बदलून पुन्हा तोलले. पारडी बदलून पुन्हा तोलले. पाऊण शेर कमी. तीन शेर चौदा छटाक म्हणजे आठ पौंड.

मिस्त्रीने शिसे मागे सरकवले नव्हते. काढले होते. त्याने आबांना फसवले म्हणून मला आधी राग आला. पण चौकातले दृश्य आठवले, मामांचे मोजणे, आबांच्या लाल पाळ्या. पाहुण्याची मान मेहुण्यासमोर खाली जाऊ नये, एवढेच त्याने पाहिले होते. त्याच्या हिशेबी बंदूक नंतर केव्हाही दुरुस्त होते. त्या लाकडावरून विलायतेत लोखंड कापले जाणार आहे, हे त्याच्या मनातही आले नसेल. किंवा आले असेल आणि तरी त्याने तेच केले असेल.

आई दारात उभी होती.

"बंदूक तोलतेस की ज्वारी?"

मी तिला सगळे सांगितले. ती उंबऱ्यावर बसली.

"त्यांना सांगू नकोस," ती म्हणाली. "आठ दिवस झाले, ताटावर हसताहेत. फॉर्म तुझ्याच हातात आहे ना? आठ लिही. त्यांना कुठं इंग्रजी वाचता येतंय."

मला तो मार्ग इतका सोपा वाटला, की मी लेखणी उचललीदेखील. आठ लिहायचे. बंदूक यायची ती हाताला झेपेल अशीच यायची. आबांचा हात "सुधारलेला" राहायचा. कुणाचेच काही बिघडत नव्हते. पण खाली सही आबांची होणार होती, मी वाचून दाखवेन त्यावर विश्वास ठेवून. आणि मार्गशीर्षात जी बंदूक येईल ती साडेनऊची आहे असे समजून ते तिच्यावर भरवसा टाकतील. पुढे कधी एखादी खरोखरीची साडेनऊची बंदूक जखमी जनावरासमोर हातात आली तर? मी लेखणी खाली ठेवली.

तोंडाने सांगायचे धैर्य मात्र मला झाले नाही. मी आबांच्या पेटीतून छर्ऱ्यांची पिशवी काढली, पाऊण शेर तोलले, खुंटी उपसून ते नळीच्या पोकळीत ओतले, वरून चिंधी आणि मेण घालून खुंटी परत ठोकली. पुन्हा तोलून पाहिले. चार शेर दहा छटाक. बंदूक अंगणात तिच्या जागी उभी करून ठेवली. आईने हे सारे पाहिले, पण मला अडवले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फॉर्म घेऊन ओट्यावर बसले. आबांनी नेहमीप्रमाणे बंदूक उचलली. खांद्याला लावण्याआधीच त्यांना कळले. तरी त्यांनी ती लावली आणि धरून उभे राहिले. मी मनात मोजत होते. अठराव्या आकड्याला नळी कापू लागली. ते तिशीपर्यंत थांबले, मग बंदूक सावकाश खाली आणून दस्ता जमिनीवर टेकवला.

"किती घातलंस?"

"पाऊण शेर. मिस्त्रीनं काढलं होतं तेवढंच."

ते माझ्याजवळ येऊन बसले. डावा हात मांडीवर उलटा ठेवून जखमेच्या वणाकडे पाहत राहिले. मला वाटले, आता दफ्तरखान्याचे नाव निघणार. पण त्यांनी विचारले, की मिस्त्रीच्या वजनाला, म्हणजे आठ पौंडाला, यादीत कोणती नळी बसते. मी पान काढले. सडपातळ, चोवीस इंच. धक्का किती अधिक, तेही त्यांनी विचारले. यादीत आकडे होते ते मी वाचले, आहेत तसेच.

"धक्का खांद्यानं सोसायचा असतो," आबा म्हणाले. "खांदा माझा शाबूत आहे. धरायचं काम डाव्या हाताचं, त्याला जेवढं झेपतं तेवढंच द्यायचं. लिही, चोवीस. आठ पौंड. आणि पट्ट्याची कडी दस्त्याला नको, नळीलाच बसवा म्हणावं, पट्टा मनगटाला गुंडाळता येईल."

मी लिहिले. ते सही करायला लागले, मग थांबले.

"मेहुण्याला यातलं काही कळवायचं नाही. आणि मिस्त्रीला तर मुळीच नाही."

त्या दिवसापासून ते पाऊण शेर शिसे घातलेली लाकडी बंदूकच धरत राहिले. जड धरून सवय केली की हलकी सोपी जाईल, असा त्यांचा हिशेब. आषाढात ती पस्तीसपर्यंत राहू लागली, दिवाळीच्या आसपास चाळीसपर्यंत. साठ कधी झाले नाहीत.

बंदूक कार्तिकाच्या अखेरीस आली. लाकडी खोका, आत तेलकट कागद, आणि एक वास जो मला अजून आठवतो. मी आधी ती कोठीघरात नेली. तीन शेर चौदा छटाक, वर अर्धा छटाक. मग गजाला चिंधी आणि लाल दोरा बांधून पीळ मोजला. बारा इंचाला एक फेरा, अगदी बरोबर. समुद्रापलीकडच्या ज्या माणसाने धारच्या एका मुलीच्या अक्षरावरून लोखंडात तो फेरा कोरला, तो कसा दिसत असेल, याचा मी खूप दिवस विचार केला.

मार्गशीर्षातली शिकार अमझेऱ्याच्या बाजूला होती. मी अर्थातच तिथे नव्हते, आबांनी घरी येऊन सांगितले तेवढेच सांगते. दिवाणसाहेब शेजारच्या मचाणावर बसले होते. हाका सुरू झाला आणि बिबट्या झुडपातून निघून उघड्यावर येऊन थांबला. पाहुणे गडबडले, काडतूस बसेना. तेवढा वेळ आबांनी पट्टा मनगटाला गुंडाळून नळी त्या जनावरावर धरून ठेवली. किती वेळ, ते त्यांना सांगता आले नाही, कारण तिथे मोजायला मामा नव्हते. शेवटी पाहुण्यांनी बार काढला आणि बिबट्या पडला. आबांना गोळी झाडावीच लागली नाही. खाली उतरल्यावर दिवाणसाहेबांनी नवी बंदूक मागून घेतली, हातात तोलून पाहिली, आखूड नळीवरून बोट फिरवले आणि काही न विचारता परत दिली. दफ्तरखान्याची खुर्ची महिन्याभरात दुसऱ्या गृहस्थांना मिळाली. आईने त्या दिवशी गोड केले. कशासाठी, ते ती बोलली नाही.

पुढच्या वर्षी आम्ही देवासला गेलो तेव्हा आबांनी खरी बंदूक बरोबर नेली. मिस्त्रीला बोलावून ती त्याच्या हातात दिली. मामा बाजूलाच बसले होते.

"मिस्त्री, तुमच्या लाकडी बंदुकीच्या वजनाचीच आणवली विलायतेहून," आबा म्हणाले. "छटाकभर इकडे तिकडे नाही."

मिस्त्रीने बंदूक दोन्ही तळहातांवर तोलली. त्याला कळायला वेळ लागला नाही. त्याने मान खाली घातली आणि नळीवरची कडी पाहतो आहे असे दाखवले.

"हुजूर, हात झूठ नी बोले," तो म्हणाला.

"हात नाही बोलत," आबा म्हणाले, "पण मिस्त्री बोलतो."

मिस्त्री हसू लागला, आबाही. मामा दोघांकडे आळीपाळीने पाहत होते. त्यांनी मला विचारले, की यात हसण्यासारखे काय आहे? मी म्हटले, मला काय ठाऊक, मामा.

तर फोटोतली बंदूक आखूड आहे, चोवीस इंच, ती या कारणाने. लाकडी बंदूक अजून माझ्याकडे आहे. कधी इकडे आलात तर उचलून पाहा. आतले शिसे मी काढलेले नाही.